मापघरातली बाई उरच्या पोराला सांगते

सावलीत ये, पोरा. तांबं संध्याकाळपर्यंत पुरेल.
मगनच्या लगडी या अशाच,
कडा उंदराने कुरतडल्यासारख्या,
एक दुसरीला जुळेल तर शपथ.
आणि माल इलशु-राबीचा म्हणतोस?
मग अंथरूणच पसर.
त्याचा हिशेब एका बैठकीत मिटलेला
माझ्या आईनेही पाहिला नव्हता.

काय म्हणालास?
तुमच्या देवळात आमच्या बेटाचं गाणं आहे?
हळू म्हण. तुझी भाषा मला बाजारापुरतीच येते,
लोकर, तीळ, भाव, उधारी, इतपत.

असं होय.
इथे म्हणे दुखणं नाही.
इथे म्हणे कुणी म्हातारं होत नाही,
आणि कावळ्याला कंठ नाही.

हसले म्हणून रागावू नकोस.
अरे यमानुम, ऐकलंस का,
तुला म्हणे काहीच झालेलं नाही!
तो बघ, खांबाला टेकलेला, माझा नवरा.
चाळीस वर्षं मऊ दगडावर मुद्रा कोरल्या त्याने.
अंगठ्याएवढ्या गोलात दोन हरणं, चंद्र,
आणि एकाच घड्यातून नळीने पिणारे दोघे जण,
त्यातला जाडा तो स्वतः.
आता त्याला त्या दिसत नाहीत.
ओठांवर फिरवतो आणि सांगतो, ही माझी, ही पोराची,
ही कुणा चोराची.

पाणी गोड आहे, ते मात्र खरं.
समुद्राच्या तळातून गोडं वर येतं,
आमची पोरं पखाल घेऊन बुडी मारतात
आणि खाऱ्यातून गोडं भरून आणतात.
तेवढं तुमच्या देवाने नीट पाहिलंय.

बाकी, येताना नावेतून टेकड्या दिसल्या असतील,
किनाऱ्यामागे, हारीने, तांबूस.
दुरून डोंगर साजरे.
जवळ गेलास तर कळेल, प्रत्येकीच्या पोटात
दगडाची एक खोली आहे,
तिच्यात एक जण कुशीवर निजलेला,
उशाशी घडा, पायाशी बकरीची हाडं.
आमच्या बेटावर घरं मोजकी, टेकड्या मोजवत नाहीत.
न मरणाऱ्यांचं गाव हे, पोरा,
आणि गवंडी सगळे तिकडेच कामाला.

माझी ठरलीय, दक्षिणेकडची, छोटी.
दोन मापं तांबं देऊन झालं, एक बाकी आहे.
गवंडी म्हणतो, म्हातारे, घाई काय आहे.
मी म्हणते, दगडाचा भाव दर उन्हाळ्यात चढतो, तो आधी उतरव.
यमानुम म्हणतो, दोघांची एकच घे, स्वस्त पडेल.
चाळीस वर्षं त्याचं घोरणं ऐकलं.
अजून काही ठरवलेलं नाही.

ऊठ आता. हे वजन हातात धर.
चौकोनी, गुळगुळीत.
मेलुह्हाच्या खलाशांकडून आजोबांनी घेतलं,
सोबत त्यांच्या दोन शिव्याही, त्या अजून चालतात.
तुमचं उरचं माप याच्यापुढे पोरगेलं आहे,
तुमची जवळजवळ तीन घालशील
तेव्हा हे एक उचलेल.
तुझ्या धन्याला हा फरक दर वर्षी नव्याने कळतो.
विटेवर ओल आहे तोवर लिही:
दिल्मूनच्या मापाने, दिल्मूनमध्ये, मापात पाप नाही.
खाली माझं नाव घाल. अहातुम.
चुकलास. पुसून पुन्हा.

आणि जाण्याआधी ते गाणं एकदा त्याच्याजवळ बसून म्हण.
भाषा त्याला कळायची नाही.
पण मघाशी तू म्हणत होतास ना,
तेव्हा त्याचा अंगठा मांडीवर
काहीतरी कोरत होता.

ए, हाड!
खजुराच्या टोपलीवर बसलाय बघ मेला,
आणि ओरडतोय कसा.
हे नको लिहूस.